भिंगाचं घर

मोबाइलच्या दुकानात कॅमेऱ्याची चौकशी केली की पहिला आकडा ऐकू येतो तो मेगापिक्सेलचा. पन्नास, एकशे आठ, दोनशे. सीसीटीव्ही बसवणाराही हाच आकडा पुढे करतो. आकडा खोटा नसतो, पण सेन्सरवर प्रकाश टिपणारे बिंदू किती आहेत, एवढंच तो सांगतो. त्या बिंदूंवर पडणारी प्रतिमा किती रेखीव असेल हे भिंगं ठरवतात. भिंगं आपापल्या जागी नेमकी बसली आहेत का आणि बसल्यावर वर्षानुवर्षं तिथंच राहणार आहेत का, हे मात्र भिंगांना धरून ठेवणारी एक काळी नळी ठरवते. कारखान्यात तिला बॅरल म्हणतात आणि ती ज्या बैठकीत बसते तिला होल्डर. दोन्ही मिळून झालं भिंगाचं घर, म्हणजे लेन्स हाउसिंग. जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो, दुरुस्तीवालाही त्याचं नाव घेत नाही. तरीही कॅमेरा जितका लहान आणि जितका बारकाईचा, तितकं हे घर निर्णायक ठरतं. शिवाय ते कुठल्या तरी सरासरी हवामानासाठी घडवून चालत नाही; कॅमेरा जिथं राहणार आहे तिथल्या उन्हाचा, धुळीचा आणि दमटपणाचा विचार करूनच ते घडवावं लागतं. हा विचार जिथले लोक करतील, तिथं या कामाचा उद्योगही उभा राहू शकतो.

हा मुद्दा तपासायला इंदापूर तालुक्यातलं लोणी देवकर चांगलं ठिकाण आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्या मध्ये हे गाव आहे आणि इथं एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेला काही अंतरावर उजनी धरणाचा फुगवटा, भोवती ऊस, आणि महामार्गानं पुढे गेलं की इंदापूरजवळ सरडेवाडीचा टोलनाका. या टापूत कॅमेऱ्यांना कामाची वाण नाही. टोलनाक्यावर धावत्या गाडीची नंबरप्लेट वाचायची असते, कारखान्याच्या फाटकावर रात्री चेहरा ओळखायचा असतो, ड्रोनमधून ऊस पाहायचा असतो, शेतकऱ्याला मोबाइलवर पानावरच्या तांबेऱ्याचा किंवा लोकरी माव्याचा फोटो काढून सल्ला विचारायचा असतो. शेजारच्या बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या तंत्राच्या आधारे ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. त्यात उपग्रहाची माहिती, जमिनीतले सेन्सर आणि हवामान केंद्रं यांची सांगड घातली आहे. शेती अशी मोजमापाच्या वाटेनं निघाली की शेतात उभे राहणारे कॅमेरेही वाढणार. हे कॅमेरे खिशात राहत नाहीत. ते खांबावर, पत्र्याखाली, उघड्यावर राहतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात तापलेल्या बंद डब्याच्या आतलं तापमान साठीच्या घरात जाऊ शकतं. हिवाळ्याच्या पहाटे तोच डबा दहा-बारा अंशांवर असतो. वर्षभरातला हा पन्नास अंशांचा फरक त्या छोट्या घराला सोसायचा असतो.

आधी घराच्या आत काय असतं ते पाहू. आजच्या चांगल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात एक भिंग नसून पाच, सहा, सात भिंगांची रास असते. बहुतेक भिंगं विशेष प्रकारच्या प्लास्टिकची, प्रत्येकाचा आकार वेगळा, काहींची कड तर लाटेसारखी वळलेली. एकानं केलेला दोष दुसऱ्यानं दुरुस्त करायचा, अशी त्यांची वाटणी ठरलेली असते. बॅरलच्या आत पायऱ्या असतात आणि प्रत्येक भिंग आपल्या पायरीवर टेकतं. दोन भिंगांच्या मध्ये अंतर राखणाऱ्या कड्या आणि भरकटलेला प्रकाश अडवणाऱ्या पातळ काळ्या चकत्या असतात. ही सगळी रचना म्हणजे मडक्यांची उतरंड आहे: खालचं मडकं कलतं बसलं की वरची सगळी कलतात. म्हणून एखादं भिंग कितीही निर्दोष असलं तरी एकट्यानं ते काही करू शकत नाही. ते आपल्या अक्षापासून चार-पाच मायक्रॉन सरकलं किंवा अंशाच्या छोट्याशा भागाइतकं कललं, तरी चित्राचा एक कोपरा धूसर होतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या मापाची कल्पना यावी.

इतकं बारीक माप आधी लागत नव्हतं. जपानमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये शार्पनं जे-फोनसाठी कॅमेऱ्याचा फोन आणला, तेव्हा त्यात सुमारे १ लाख १० हजार बिंदू होते. २०२१ मध्ये सॅमसंगनं जाहीर केलेल्या सेन्सरमध्ये २० कोटी बिंदू होते आणि प्रत्येक बिंदूची रुंदी ०.६४ मायक्रॉन. बिंदू आकुंचन पावले तशी चुकीला असलेली जागाही आकुंचन पावली. प्रतिमा नेमकी सेन्सरच्या पृष्ठभागावर पडावी लागते. थोडी पुढे किंवा मागे पडली तर प्रकाशाचा ठिपका पसरतो. दोन मायक्रॉनच्या बिंदूंचा सेन्सर आणि एफ/२ चं भिंग घेतलं, तर ही सूट पुढे-मागे मिळून साधारण आठ मायक्रॉन एवढीच उरते. त्यात भिंगांच्या जाडीतला फरक, पायऱ्यांच्या उंचीतला फरक, होल्डरची उंची, सेन्सर चिकटवताना आलेला कल आणि तापमानानं होणारी हालचाल, असे सगळे वाटेकरी असतात. घराची रचना करणाऱ्याचं मुख्य काम म्हणजे या आठ मायक्रॉनांची वाटणी करणं. कुणाला किती चूक माफ, हे रेखाचित्र काढतानाच ठरवावं लागतं. नंतर तक्रार आली म्हणून ते बदलता येत नाही.

तापमानाचा हिशेब मांडला की घराचं महत्त्व सगळ्यांत स्पष्ट दिसतं. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे सत्तर भाग इतकं फुगतं, अॅल्युमिनियम चोवीस भागांच्या आसपास. दहा मिलिमीटर उंचीचा प्लास्टिकचा होल्डर पन्नास अंशांनी तापला तर तो ३५ मायक्रॉन वाढतो. अॅल्युमिनियमचा १२ मायक्रॉन. आपल्याकडे सूट आहे आठाची. आता भिंगाकडे वळू. प्लास्टिकचं भिंग तापलं की त्याची प्रकाश वळवण्याची ताकद कमी होते आणि प्रतिमा मागे सरकते. चार मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात पन्नास अंशांना हे सरकणं सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत जातं. काचेच्या भिंगात ते नगण्य असतं. वरवर पाहता काच घ्यावी असंच कुणीही म्हणेल. पण काचेची भिंगं प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवली तर भिंग आपल्या जागी शांत राहतं आणि होल्डर मात्र ३५ मायक्रॉन वाढतो. चित्र धूसर होतं. उलट प्लास्टिकच्या भिंगाला प्लास्टिकचंच घर दिलं तर प्रतिमा ५० मायक्रॉन मागे जाते आणि सेन्सरही ३५ मायक्रॉन मागे जातो. उरतो तो १५ चा फरक. दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. महाग भिंग चुकीच्या घरात स्वस्त भिंगापेक्षा वाईट चित्र देऊ शकतं, हे या साध्या गणितातून दिसतं. म्हणून उघड्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी काच आणि प्लास्टिक यांची मिश्र रास घेतात आणि घराचं द्रव्य, उंची व भिंग कुठं टेकवायचं ती जागा, तिन्ही गोष्टी मिळून ही वजाबाकी शून्याजवळ आणतात. मोबाइलमध्ये प्रत्येक फोटोआधी भिंग हलवून फोकस साधणारी बारीक मोटर असते, त्यामुळे तिथं हा दोष लपतो. खांबावरच्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांचा फोकस एकदाच लावून कायमचा बंद केलेला असतो. जानेवारीत लावलेला फोकस मे महिन्यात टिकेल की नाही, याचं उत्तर तिथं घरच देतं.

उष्णतेखेरीज घराला आणखी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: भरकटलेला प्रकाश, दमटपणा आणि धूळ. काळं प्लास्टिक समोरून काळं दिसतं, पण तिरपा प्रकाश त्यावरून चकाकत परावर्तित होतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा बॅरलच्या आतल्या भिंतीवर असा आपटला की चित्रावर पांढुरका पडदा येतो आणि नंबरप्लेट हरवते. त्यावर उपाय म्हणून आतल्या भिंतीला बारीक खाचा पाडतात, पृष्ठभाग खरबरीत ठेवतात आणि भिंगांच्या कडांना काळी शाई लावतात. दमटपणाचं दुखणं आणखी चिवट आहे. प्लास्टिक हवेतलं पाणी शोषतं आणि किंचित फुगतं. भिंगांसाठी वापरलं जाणारं सायक्लो-ओलेफिन जातीचं प्लास्टिक जवळजवळ पाणी शोषतच नाही आणि तीच त्याची मोठी गुणवत्ता. बॅरलचं पॉलिकार्बोनेट मात्र थोडं शोषतं. डबा रबरी कडीनं पक्का बंद केला तर दिवसा आतली हवा प्रसरण पावून कडीवर दाब देते, रात्री आकसून बाहेरची दमट हवा ओढते, आणि पहाटे भिंगाच्या आतल्या बाजूला दव धरतं. म्हणून चांगल्या घरात हवा ये-जा करू देणारी पण पाण्याचा थेंब अडवणारी सूक्ष्म छिद्रांची पडदी बसवतात. धरणाच्या फुगवट्याकाठी आणि पाटाच्या पाण्यावरच्या उसात ही पडदी ऐच्छिक समजून चालत नाही. आणि ऊसवाहतुकीच्या रस्त्यालगत पुढच्या काचेवर धूळ बसणारच, तेव्हा ती काच कापडानं पुसताना आतल्या भिंगावर दाब येता कामा नये. म्हणजे काचेचा आधार आणि भिंगाचा आधार वेगळे हवेत.

हे घर बनतं कसं? बॅरल साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचं असतं. पॉलिकार्बोनेट थंड होताना साधारण अर्धा ते पाऊण टक्का आकसतं. सहा मिलिमीटर व्यासाचं बॅरल हवं असेल तर साचा तीस-चाळीस मायक्रॉन मोठा करावा लागतो. आकसण्यात अडचण नाही. अडचण आहे ती सगळीकडे सारखं न आकसण्यात. प्लास्टिक एकाच तोंडातून साच्यात सोडलं तर त्या बाजूला आणि समोरच्या बाजूला दाब वेगळा राहतो आणि गोल नळी लंबगोल होते. म्हणून तीन-चार तोंडं समान अंतरावर ठेवतात. मजबुतीसाठी काचेचे तंतू मिसळले तर तंतू ज्या दिशेनं वाहतात त्या दिशेनं आकसणं कमी आणि आडव्या दिशेनं जास्त होतं, त्याचाही हिशेब करावा लागतो. एका साच्यात एकाच वेळी सोळा किंवा बत्तीस नग पडत असतील तर प्रत्येक घळीचा, म्हणजे नग घडणाऱ्या पोकळीचा, स्वभाव निराळा निघतो. मग कुठल्या घळीचं भिंग कुठल्या घळीच्या बॅरलमध्ये बसवायचं याच्या जोड्या लावतात. मोजमाप तर याहून कडक. लांबी मोजण्याचं जगभर मान्य असलेलं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. शंभर मिलिमीटरची पोलादी पट्टी एका अंशानं तापली की एक मायक्रॉनहून थोडी जास्त वाढते. मोजणीची खोली दहा अंशांनी तापलेली असेल तर मोजमापातच अकरा-बारा मायक्रॉनांची चूक शिरते. सूट पाच मायक्रॉनांची असलेला भाग तिथं पास झाला काय आणि नापास झाला काय, दोन्ही निकाल निरर्थक.

जोडणीतही तीच कसोटी. सीसीटीव्हीच्या छोट्या कॅमेऱ्यांत एम-१२ नावाचा आटा प्रचलित आहे: व्यास १२ मिलिमीटर आणि एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर पुढे सरकणारा. म्हणजे भिंग एक अंश फिरवलं तरी ते जवळपास १.४ मायक्रॉन पुढे-मागे जातं. आट्यात थोडी ढिलाई असतेच, त्यामुळे फिरवताना भिंग कलतंही. म्हणून उच्च प्रतीच्या कॅमेऱ्यांत आटा सोडून वेगळी पद्धत आली. सेन्सर चालू ठेवतात, समोर आकृत्यांचा तक्ता लावतात, यंत्र भिंगाला सहा दिशांनी सूक्ष्म हलवत राहतं आणि चारही कोपरे एकदम स्पष्ट दिसले की अतिनील प्रकाशानं घट्ट होणारा गोंद काही सेकंदांत त्याला जागीच बांधून टाकतो. पण गोंदही घट्ट होताना काही मायक्रॉन आकसतो. गोंदाची फट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर महागड्या यंत्रानं जुळवलेलं भिंग शेवटच्या क्षणी कलतं. ही फट सगळीकडे सारखी ठेवणं पुन्हा घर आखणाऱ्याच्याच हातात.

यावर पहिला आक्षेप येतो तो संगणकाच्या बाजूनं. आता सॉफ्टवेअर धूसर चित्र रेखीव करतं, मग एवढ्या मायक्रॉनांच्या मागे कशाला लागायचं? सॉफ्टवेअरची मदत खरी आहे, पण तिला सीमा आहेत. भिंगाचे कायमचे, ठरलेले दोष संगणक उत्तम सुधारतो, कारण ते एकदा मोजून ठेवता येतात. घर उन्हात सरकलं की दोष सकाळी एक आणि दुपारी दुसरा होतो, आणि मोजून ठेवलेली दुरुस्तीच चुकीची ठरते. शिवाय सेन्सरपर्यंत न पोहोचलेली माहिती परत आणता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तिथं अंदाजानं भर घालते. लग्नाच्या फोटोत तो अंदाज चालतो, नंबरप्लेटवरच्या तीन आणि आठमध्ये चालत नाही. शेतीत तर हे आणखी महत्त्वाचं. पिकाचं आरोग्य मोजणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात चार-पाच छोटी भिंगं शेजारी शेजारी असतात, प्रत्येक वेगळ्या रंगपट्ट्यासाठी. तांबडा आणि अवरक्त प्रकाश यांची बिंदूगणिक तुलना करून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. सेन्सरचा बिंदू तीन मायक्रॉनांचा असेल आणि तापलेल्या घरामुळे एक भिंग तीन मायक्रॉन बाजूला सरकलं, तर एका चित्रातलं पान दुसऱ्या चित्रातल्या मातीशी ताडून पाहिलं जातं. सॉफ्टवेअर चित्रं पुन्हा जुळवून घेतं हे खरं. पण प्रत्येक चित्र सगळीकडे सारखंच सरकलं असेल तरच ती नीट जुळतात, आणि तेवढी शिस्त घरानंच पाळावी लागते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मोबाइलची भिंगं आणि त्यांची घरं बनवणाऱ्या तैवानच्या तायचुंगची लार्गन प्रिसिजन आणि चीनच्या युयाओची सनी ऑप्टिकल अशा कंपन्या अनेक दशकं भिंगांचं काम करत आहेत. लार्गनची स्थापना १९८७ ची, सनीची १९८४ ची. त्यांच्या संख्येशी आणि भावाशी आपण कशी बरोबरी करणार? मोबाइलच्या घरात आज बरोबरी होणार नाही, हे मान्य करायला हवं. पण सगळे कॅमेरे मोबाइलचे नसतात. टोलनाका, कारखाना, ट्रॅक्टर, शेतातला खांब यांच्यासाठी लागणारे कॅमेरे संख्येनं कमी, प्रकारांनी जास्त आणि आयुष्यानं लांब असतात. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलला जातो. खांबावरचा कॅमेरा त्याहून बराच जास्त काळ चालावा अशी अपेक्षा असते. इथं कोट्यवधी नगांच्या स्वस्ताईपेक्षा स्थानिक हवामानाची जाण जास्त उपयोगी पडते. केंद्र सरकारनं मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या २२,९१९ कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या योजनेत कॅमेरा मॉड्यूलचा समावेश आहे, आणि पुणे जिल्ह्यातच रांजणगावला इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या समूहाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पण तयार भाग मागवून फक्त जोडणी केली तर अनुदान संपल्यावर हाती काही उरणार नाही. मागे उरणारी गोष्ट म्हणजे साचा आखण्याचं आणि मायक्रॉन मोजण्याचं ज्ञान.

तिसरा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे: आपले कारखाने वाहनांचे भाग करतात, तिथं दहा-वीस मायक्रॉनांची सूट चालते, भिंगाचं घर त्यांच्या आवाक्यातलं नाही. बारामतीत भारत फोर्ज आणि पियाजिओ आहेत. अशा मोठ्या कारखान्यांमुळे हाताला यंत्राची सवय असलेली माणसं तयार होतात, पण तेवढ्यानं भागत नाही हे खरं. तरी दोन-चार मायक्रॉनांचं काम महाराष्ट्राला परकं नाही. नाशिकच्या बॉशमध्ये, म्हणजे पूर्वीच्या मायकोत, डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात. त्यातली सुई आणि तिची नळी यांच्यातली फट काही मायक्रॉनांचीच असते आणि ती लाखो नगांत सांभाळली जाते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं इस्रोच्या सहकार्यानं आदित्य-एल-१ यानासाठी सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण घडवली. २ सप्टेंबर २०२३ ला ती अवकाशात गेली. प्रक्षेपणाचा हादरा आणि अवकाशातलं तापमान सोसून तिचे आरसे जागेवरून हलू नयेत, हा प्रश्न जातीनं भिंगाच्या घराचाच. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम साचेकाम शिकवतं आणि सिपेट प्लास्टिकचं तंत्र. म्हणजे पोलादातली अचूकता, प्रकाशाचं ज्ञान आणि प्लास्टिकची विद्या, तिन्ही राज्यात आहेत. त्या एका टेबलावर आलेल्या नाहीत, आणि त्या तशा आणणं अशक्य मुळीच नाही.

म्हणून लोणी देवकरसारख्या वसाहतीनं सुरुवात कुठून करावी, याचं उत्तर माझ्या मते मोजणीपासून असं आहे. २० अंशांवर स्थिर ठेवलेली, धूळ रोखलेली एक सामाईक मोजणी-खोली. तिच्यात प्रकाशाच्या साहाय्यानं न शिवता मापं घेणारी यंत्रं. आणि शेजारी दहा ते साठ अंशांपर्यंत कॅमेरा तापवून आणि थंड करून त्याची स्पष्टता तपासणारी एक पेटी. एकेका लहान कारखानदाराला हे परवडणार नाही, वसाहतीला मिळून परवडू शकतं. अशी खोली असेल तर इंदापूर-बारामतीच्या आयटीआयमधली मुलं मायक्रॉन म्हणजे काय हे वाचून नव्हे, मोजून शिकतील. आणि टोलनाके, साखर कारखाने, शेतीसंस्था यांना कॅमेरे विकत घेताना मेगापिक्सेलच्या पलीकडचा प्रश्न विचारता येईल: या कॅमेऱ्याचा फोकस पन्नास अंशांच्या फरकात किती सरकतो, ते मोजून दाखवा. खरेदीच्या कागदावर ही एक अट आली की वाईट घर आपोआप बाहेर पडेल आणि चांगलं घर बनवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल. भिंगं काही काळ बाहेरून येत राहतील, त्यात कमीपणा नाही. घर मात्र इथल्या उन्हासाठी इथंच आखता येतं, आणि कॅमेरा खरा पाहतो की नाही, हे शेवटी घरावरच ठरणार आहे.